थांबवलेला बाहेरचा हात आपोआप सरकतो : कारण, तपासणी आणि उपाय

तक्रारवहीतली नोंद बहुतेक वेळा एका ओळीची असते. "हात धरून थांबले होते, सरकला. परत कॅलिब्रेट केला, ठीक आहे." आठ-दहा दिवस जातात आणि तीच ओळ पुन्हा येते, कधी दुसऱ्या पाळीत, कधी दुसऱ्याच्या अक्षरात. आमच्या अंतराळ स्थानकावर अशा १९ नोंदी साठल्यावर एका निवांत पाळीत मी त्या एकाखाली एक लिहून काढल्या. तेव्हा कळलं की इतके महिने आमचं आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी चाललं होतं.

हे टिपण ज्यांच्याकडे स्थानकाच्या कवचाबाहेरचा यांत्रिक हात मोटर कॉर्टेक्समधल्या, म्हणजे मेंदूच्या हालचालींचे हुकूम देणाऱ्या भागातल्या, चिपवर चालतो त्यांच्यासाठी आहे. आमची मांडणी अशी : ऑपरेटरच्या डाव्या मोटर कॉर्टेक्समध्ये, उजव्या हाताच्या जागी, ९६ चॅनलची चकती, म्हणजे चेतापेशींचे सिग्नल टिपणाऱ्या बारीक सुयांची चिप. ऑपरेटर आपला उजवा हात हलवल्याची नुसती कल्पना करतो, डिकोडर त्या कल्पनेतून दिशा आणि वेग काढतो, आणि बाहेर सात सांध्यांचा हात तसा फिरतो. डाव्या हाताखाली क्लच. क्लच दाबलेला असेल तर मेंदू आणि हात जोडलेले, सोडला की ब्रेक. तुमच्याकडे चॅनल जास्त असतील, सांधे कमी असतील, त्याने फरक पडत नाही. दुखणं तेच असणार.

आधी लक्षण नीट ओळखा, कारण "सरकतो" या एका शब्दाखाली लोक निदान तीन वेगवेगळ्या गोष्टी लिहितात.

पाळी सुरू झाल्यावर पहिल्या काही मिनिटांत हात एकाच बाजूला मंद, सलग ओढ घेत असेल तर ते रोजचं आहे. मेंदू कवटीत द्रवात तरंगत असतो, चकतीच्या सुया त्याच्यात रुतलेल्या असतात, आणि केसाच्या जाडीहून कमी हालचाल झाली तरी काल ऐकू येणारी चेतापेशी आज गप्प होते आणि तिच्या जागी शेजारची बोलू लागते. म्हणून तर रोज कॅलिब्रेशन करायचं, म्हणजे डिकोडरला आजचे सिग्नल नव्याने शिकवायचे. हात थरथरत असेल, तर आधी सांध्यांमधली ढील तपासा. दहातल्या नऊ वेळा मेंदूचा काही संबंध नसतो. या दोन्हींसाठी हे टिपण नाही.

आपलं दुखणं तिसरं. हात नेमका जागी आणून ठेवलेला आहे, क्लच दाबलेला आहे, ऑपरेटर कशाची तरी वाट बघतोय, आणि अचानक हात दोन ते चार सेंटिमीटर सरकतो. अर्धा ते दोन सेकंद. मग आपोआप थांबतो. एका ऑपरेटरच्या बाबतीत दिशा जवळजवळ नेहमी तीच, दुसऱ्याच्या बाबतीत दुसरी. आणि मुख्य म्हणजे, हात प्रत्यक्ष चालवत असताना हे कधीच होत नाही, थांबलेला असतानाच होतं. हे शेवटचं वाक्य सगळ्या १९ नोंदींमध्ये होतं. मी ते १९ वेळा वाचलं आणि १९ वेळा सोडून दिलं.

आता जे केलं आणि ज्याने काही झालं नाही ते सांगतो, म्हणजे तुमचे तरी दिवस वाचतील.

पहिल्यांदा गेन, म्हणजे हुकमाला मिळणारा जोर, कमी केला. सरकणं थोडं आखडलं, पण हातही जड झाला. ऑपरेटर म्हणाले, मधात हात बुडवून काम केल्यासारखं वाटतं. मग डेड झोन वाढवला, म्हणजे ठरावीक वेगाखालचा हुकूम हाताने मानायचाच नाही. याने नोंदी खरोखर कमी झाल्या आणि मी खूश झालो. पण डेड झोन मोठा केला की हाताला मिलिमीटरची कामं जमत नाहीत. क्लिपच्या तोंडाशी आला की एक तर हलतच नाही, नाहीतर उडी मारतो. लपवलेलं दुखणं दुसऱ्या दाराने आत आलं.

तिसरा प्रयोग सगळ्यात वाईट ठरला. हात थांबला की सॉफ्टवेअरने आपणहून ब्रेक लावायचा, असं केलं. ब्रेक लागला, पण मागे डिकोडर हुकूम मोजतच राहिला आणि बेरीज साठत गेली. ब्रेक सुटल्या क्षणी हाताने ती सगळी बेरीज एका दमात फेडली. नऊ सेंटिमीटर. सुदैवाने बोटांत पोकळ पेटी होती आणि बाहेर कोणी नव्हतं. तुमच्याकडे कोणी असा ब्रेक लावला असेल तर आजच्या आज बघा की ब्रेक लागताना बेरीज शून्यावर येते की नाही. बाकीचं टिपण नंतर वाचा.

कॅलिब्रेशन परत केल्यावर "ठीक आहे" असं का वाटतं, याचा उलगडा मात्र फार उशिरा झाला. कॅलिब्रेशन झाल्यावर आम्ही काय करायचो? मागे उभं राहून म्हणायचो, "आता एक मिनिट स्थिर धरा." ऑपरेटर श्वास रोखल्यासारखा बसायचा, आम्ही पडद्याकडे बघायचो, खोलीत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. हात दगडासारखा स्थिर. सही, तारीख, झालं काम.

मग रेडिओ. सरकण्याच्या वेळा आणि रेडिओवर बोलण्याच्या वेळा शेजारी शेजारी मांडल्यावर मला वाटलं, चोर सापडला. जेव्हा जेव्हा आमच्याकडून प्रसारण होत होतं तेव्हाच हात सरकत होता. सुईवरचा सिग्नल मायक्रोव्होल्टच्या घरातला, शेजारी प्रसारण करणारं यंत्र. दुसरं काय असणार? केबलला नवं आवरण घातलं, ग्राउंड बदलला, रेडिओचा डबा भिंतीच्या पलीकडे नेला. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी नोंद आली : "सरकला."

त्या दिवशी मी ताईंच्या मागे जाऊन बसलो. ताई आमच्याकडच्या सगळ्यात अनुभवी ऑपरेटर. त्यांचं वय आणि त्यांचे तास दोन्ही माझ्या दुप्पट, म्हणून सगळेच त्यांना ताई म्हणतात. बाहेर एक जण पट्टीपाशी होता आणि ताईंनी पॅनेल त्याच्यापासून हातभर अंतरावर आणून धरलं होतं. त्याने विचारलं, "सोडलं का?" ताई म्हणाल्या, "नाही रे, थांब जरा," आणि पॅनेल डावीकडे सरकलं. ताईंनी मान न वळवता मला विचारलं, "बघितलंस? मी काहीही केलं नाही." आणि हे वाक्य बोलत असतानाच ते पुन्हा सरकलं. या वेळी माझे डोळे डिकोडरच्या वेगाच्या आलेखावर होते. "बघितलंस"च्या जरा आधी रेघ उठली आणि "नाही"वर बसली. त्या वाक्याच्या वेळी माइक बंद होता. रेडिओ काहीच पाठवत नव्हता.

नंतर खात्री करायला उलटही करून बघितलं. माइक चालू ठेवून ताई गप्प बसल्या : हात स्थिर. बाहेरचा माणूस बोलतोय, ताई ऐकतायत : हात स्थिर. माइक बंद, ताई माझ्याशी बोलतायत : सरकला. रेडिओ बिचारा विनाकारण भिंतीपलीकडे गेला होता. तो आता परत आणला आहे.

आता प्रश्न असा की चकती हाताच्या जागी बसवलेली असताना तोंडाने तिथे काय काम केलं?

आमच्या प्रशिक्षणाच्या खोलीत ते प्रसिद्ध चित्र लावलेलं आहे, तुमच्याकडेही असेल : मेंदूच्या पट्टीवर आडवा पडलेला माणूस, अंगठा केवढा तरी मोठा, ओठ त्याहून मोठे, धड मात्र किडकिडीत. पेनफिल्ड आणि बोल्ड्री यांनी १९३७ मध्ये जागेपणी शस्त्रक्रिया चालू असलेल्या रुग्णांच्या मेंदूच्या पृष्ठभागावर वीज लावून कुठे काय हलतं ते टिपलं, त्यातून हे चित्र आलं. त्याच्याही आधी, १८७० मध्ये, फ्रिट्श आणि हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूवर हाच प्रयोग करून दाखवून दिलं होतं की मेंदूच्या ठरावीक जागी वीज लावली की उलट्या बाजूचा ठरावीक अवयव हलतो. दोन्ही कामं पक्की आहेत. घोटाळा आपण चित्र वाचण्यात करतो. इथे हात, पलीकडे तोंड, मध्ये कुंपण, असं आपण धरून चालतो. चित्रात कुंपण नाही. ते आपणच घातलं.

वीज लावून काय हलतं हे बघणं वेगळं, आणि माणूस आपण होऊन काही करत असताना तिथल्या पेशी काय बोलतात हे ऐकणं वेगळं. १९८० च्या दशकात जॉर्जोपोलस यांनी माकडांच्या मोटर कॉर्टेक्सवर केलेल्या कामातून कळलं की एकेक पेशी म्हणजे एकेका स्नायूचं बटण नव्हे. प्रत्येक पेशीची एक आवडती दिशा असते, त्या दिशेला हात जाताना ती सगळ्यात जास्त बोलते, पण बाकीच्या दिशांनाही ती गप्प नसते, नुसती कमी बोलते. हाताची दिशा हवी तर शेकडो पेशींचं मत गोळा करावं लागतं. तुमचा डिकोडर, कितीही नवा असला, मुळात हीच मतमोजणी करतो.

आणि मग २०१९ मध्ये आपल्या दुखण्याचं थेट उत्तर छापून आलं होतं. मणक्याच्या दुखापतीमुळे हातपाय चालत नसलेल्या, मेंदूत चकत्या बसवलेल्या लोकांना शब्द बोलायला सांगितले, आणि हाताच्या जागेतल्या कितीतरी इलेक्ट्रोडवरचा सूर बदलला. पुढच्याच वर्षी त्याच जागेत चेहरा, मान, पाय, आणि उलट्याच नव्हे तर चकतीच्या त्याच बाजूच्या हाताचेही पडसाद मिळाले. म्हणजे जिला आपण हाताची जागा म्हणतो तिथे मुख्य आवाज हाताचा, पण मागे सगळं अंग कुजबुजत असतं.

इथे एक शंका रास्त आहे. ज्यांचे हातपाय चालत नाहीत त्यांच्या मेंदूत जागांची फेरवाटणी झाली असेल, धडधाकट माणसात असं नसेल. मलाही तसंच वाटलं होतं. ताईंचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय उत्तम आहेत, आणि आलेख तरीही उठतो. एका माणसावरून नियम करायचा नसतो, पण आमच्या सहाही ऑपरेटरांचे आलेख उठले, कोणाचे कमी, कोणाचे जास्त.

दुसरी शंका जास्त अवघड होती, आणि खरं तर तिनेच मला इतके दिवस चुकवलं. २०१९ चा बोलण्याचा प्रयोग ज्यांनी केला त्याच गटाने २०२० मध्ये तपासलं होतं की चकतीवर पडद्यावरचा कर्सर चालवत असताना माणूस बोलला तर कर्सर बिघडतो का. उत्तर आलं : नाही. हे मी वाचलेलं होतं, त्यामुळे बोलण्याकडे मी बोटच दाखवलं नाही. पण त्याच निष्कर्षात दुसरं अर्ध होतं : कर्सर चालवत असताना बोलण्याचा पडसाद नुसतं बोलण्याच्या तुलनेत मंद पडतो. ते अर्ध मी वाचून विसरलो. हात चालवत असताना मेंदू हाताच्या कामाला जुंपलेला असतो. आणि वाट बघताना? क्लच दाबलेला असला तरी ऑपरेटर मनाने हातापाशी नसतो, बोलण्यात असतो. म्हणून हात चालताना सरकत नाही, थांबलेला असतानाच सरकतो. ती सोडून दिलेली ओळ.

मग असं विचारावंसं वाटेल की आपला खरा हात बोलताना का सरकत नाही? कप धरून आपण तासभर गप्पा मारतो, कप हलत नाही. याचं एक सुरेख उत्तर माकडांवरच्या कामातून २०१४ मध्ये मिळालं. हात हलवायच्या आधी, नुसती तयारी चालू असताना, मोटर कॉर्टेक्समधल्या पेशी चांगल्याच बोलत असतात, आणि तरी स्नायू हलत नाही. कारण त्या पेशींचे चढउतार अशा मेळात होतात की स्नायूपर्यंत जाणारी एकूण बेरीज शून्यच राहते. टेबल दोन बाजूंनी दोघांनी सारख्याच जोराने ढकललं तर घाम दोघांना येतो, टेबल जागचं हलत नाही, तसं. बोलण्याचा पडसादही अशाच बिनकामाच्या दिशांनी जात असावा, असं मानायला जागा आहे.

पण ही बेरीज शून्य येते ती मज्जारज्जूच्या हिशोबाने. डिकोडरचा हिशोब वेगळा. त्याला ९६ चॅनलमधून हाताचे हुकूम काढायचे आहेत, आणि कोणत्या चॅनलला किती वजन द्यायचं हे तो कॅलिब्रेशनमध्ये जे दिसलं त्यावरून ठरवतो. कॅलिब्रेशनमध्ये आपण काय दाखवतो? मान टेकवलेला, पाय अडकवलेला, तोंड मिटलेला ऑपरेटर. आमच्याकडे तर भिंतीवर पाटी होती : कॅलिब्रेशन चालू असताना बोलू नये. बोलणं कसं दिसतं हे डिकोडरने जन्मात पाहिलं नाही, मग त्याकडे दुर्लक्ष कर हे त्याला कोण सांगणार? त्याने टेबलाच्या एका बाजूचा माणूस मोजला आणि दुसऱ्या बाजूचा सोडून दिला. बेरीज शून्य येईना, हात सरकला.

पाटी मी स्वतः काढली.

तपासणी कशी करायची ते सांगतो. खरा हात ब्रेकवर टाका आणि डिकोडरचा निकाल पडद्यावरच्या नकली हाताला द्या. नाहीतर तपासणीतच काहीतरी फोडाल. ऑपरेटरला एक बिंदू धरून ठेवायला सांगा, क्लच दाबलेला. दोन मिनिटं शांत. मग दोन मिनिटं त्याच्याशी खरोखरीचं बोला, कामाचं, उत्तर द्यावं लागेल असं. एक ते वीस आकडे म्हणायला लावू नका. मी आधी तेच केलं होतं आणि सातव्या-आठव्या आकड्यापासून आलेख इतका सपाट झाला की मला वाटलं माझाच समज चुकीचा. आकडे म्हणताना माणसाचं लक्ष रिकामं असतं, ते परत हातावर जातं. "उद्याच्या पाळीत कोण आहे?" असं विचारा, मग बघा. आलेखावर आवाजाची रेघ आणि हाताच्या वेगाची रेघ एकाखाली एक ठेवा. वेगाची रेघ आवाजाच्या थोडी आधी उठायला हवी. आवाज घशातून निघण्यापूर्वी मेंदूत त्याची तयारी झालेली असते, त्यामुळे हा "आधी" दिसला की समजा दुखणं हेच. आवाजाच्या नेमक्या बरोबर किंवा नंतर उठत असेल तर मात्र माइकची केबल बघा, तिथे खरंच विजेची गळती असू शकते. म्हणजे रेडिओवरचा माझा संशय अगदीच वेडगळ नव्हता.

उपाय कॅलिब्रेशनमध्येच आहे. आमचं जुनं कॅलिब्रेशन १२ मिनिटांचं होतं, सगळं हालचालीचं : इकडे न्या, तिकडे न्या, मिटा, उघडा. आता त्यात पाच मिनिटं वाढवली. त्यातली तीन मिनिटं ऑपरेटर हात एका जागी धरून बोलतो, आणि या वेळेत डिकोडरला सांगायचं की खरा वेग शून्य आहे. उरलेली दोन मिनिटं हात चालवता चालवता बोलतो. ही दोन मिनिटं टाळू नका. मी पहिल्यांदा टाळली, आणि डिकोडर असं शिकला की आवाज म्हणजे थांबा. ताई बोलल्या की हात वाटेत अडखळायचा. "आता याला माझं बोलणंच आवडत नाही," असं त्या म्हणाल्या.

शांत धरून ठेवण्याची एक-दोन मिनिटंही असू द्या. नुसतं बोलून धरलेलं दाखवलं तर डिकोडर बोलण्यालाच स्थिरपणाची खूण समजेल. आणि हे बोलणं दर वेळी नवं असू द्या. आम्ही दुसऱ्या पाळीतल्या कोणाला तरी समोर बसवतो आणि दोघांना गप्पा मारू देतो. कॅलिब्रेशन हे एरवी कोणालाच आवडत नाही. आता निदान भांडणं तरी मिटतात.

निकाल असा : ताईंचं सरकणं तीन सेंटिमीटरवरून चार-पाच मिलिमीटरवर आलं. एका नव्या मुलाचं जवळपास नाहीसं झालं. एकाचं फक्त निम्मं झालं. त्याची चकती जुनी आहे, चालू चॅनल मुळातच कमी उरलेत, आणि मोजायला मतंच कमी असली की गोंगाट वेगळा काढायला जागा राहत नाही. त्याच्यासाठी डेड झोन थोडा ठेवला आहे. सगळ्यांच्याच हाताचा कमाल वेग किंचित उतरला. कोणी तक्रार केलेली नाही.

तुमचा डिकोडर बंद पेटीतला असेल आणि कॅलिब्रेशनला हात लावता येत नसेल, तर दुसरी वाट आहे : गळ्यावरच्या माइकवरून बोलणं ओळखायचं आणि हात थांबलेला असेल तेवढ्यापुरता हुकूम अडवायचा. चालतं, पण दोन अडचणी लक्षात ठेवा. वर म्हटलं तसं, मेंदू आवाजाच्या आधी बोलतो, त्यामुळे माइकला कळेपर्यंत हात निघालेला असतो. हुकूम थोडा उशिरा पोचवून हे सावरता येतं, पण मग सगळाच हात तेवढा मागे राहतो. आणि अडवलेल्या हुकमाची बेरीज साठू देऊ नका. त्या नऊ सेंटिमीटरची आठवण मी पुन्हा करून देत नाही.

"हात धरलेला असताना बोलायचं नाही" असा नियम करून बघू नका. आमच्याकडे एका पाळीत तो आठवडाभर चालला. बाहेर काळोखात एकटा माणूस पट्टीला लटकलेला, त्याने विचारलं "सोडलं का?" आणि आतून उत्तर नाही. तो घाबरला. शिवाय ऑपरेटर तोंडातल्या तोंडात पुटपुटायला लागला, आणि पुटपुटण्यानेही आलेख उठतो, जरा कमी इतकंच.

बोलणं मिटल्यावर आमच्याकडे एक बारीक सरकणं उरलं होतं, सात-आठ मिलिमीटरचं, पाळीच्या शेवटाकडे जास्त. ते पायाचं निघालं. इथे वजन नसल्यामुळे ऑपरेटर पावलं दांडीखाली अडकवून बसतो, आणि तासाभराने पाऊल अवघडलं की बाहेर काढून परत अडकवतो. पाऊल काढलं, हात सरकला. वर सांगितलेला सगळ्या अंगाच्या कुजबुजीचा मुद्दा तोच. कॅलिब्रेशनमध्ये मध्येच "पाय मोकळे करा, परत अडकवा" हे दोनदा घातलं, तेवढ्यावर भागलं. मान वळवण्याचंही असंच करून टाका, वेगळं शोधत बसू नका.

तुमच्याकडे स्पर्शाचीही चकती असेल तर ती या कामात चालू ठेवा. २०२१ मध्ये एका माणसावर तपासलं गेलं, यांत्रिक हाताला स्पर्श झाल्याचं मेंदूला कळवलं तर वस्तू उचलून ठेवायला लागणारा वेळ जवळपास निम्मा झाला. आमच्या बाबतीत तिने सरकणं कमी होत नाही, पण पॅनेल पट्टीला टेकलं की ऑपरेटरला नजर न टाकता कळतं आणि तो क्लच सोडतो.

गेल्या दोन महिन्यांत तक्रारवहीत "सरकला" तीनदा आलं. दोनदा जुन्या चकतीवाल्याचं. तिसरं ताईंचं, आणि त्यापुढे त्यांनी स्वतःच लिहिलं आहे : "हसले." हसणं कॅलिब्रेशनमध्ये कसं घ्यावं हे अजून जमलेलं नाही. हसा म्हटलं की ताई हसतात, पण आलेखावर ते अगदी वेगळं निघतं, खऱ्या हसण्यासारखं अजिबात नाही. कोणाला जमलं असेल तर कळवा.